पक्षी सप्ताहात गेटला कुलूप : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

गेल्या बुधवारी सकाळी साडेसातपासून पावणेदहापर्यंत मी सहावी-सातवीची एकेचाळीस मुलं घेऊन एका संरक्षित पाणथळाच्या गेटबाहेर उभा होतो. जागेचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर शिक्षा होईल ती तिथल्या रोजंदारीवरच्या वनमजुराला, आणि आमच्याशी माणसासारखं बोललेला तो एकटाच होता.

जुलैमध्ये रीतसर अर्ज दिला. ऑगस्टमध्ये लेखी उत्तर आलं : पक्षी सप्ताहात जिल्हा परिषद शाळांना प्रवेश मोफत, सोबत गाइड, आठ दुर्बिणी. पत्रावर जावक क्रमांक आहे, शिक्का आहे, सही आहे. त्या भरवशावर दर मुलामागे दीडशे रुपये गोळा केले. आमच्याकडे कांदालागणीला जाणारी बाई दीडशे रुपये कसे बाजूला काढते, ते मी पाहतो. बसचे सात हजार झाले, वरचे साडेआठशे मी घातले. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

गेटवर उत्तर मिळालं, "वरून आदेश नाही." पक्षी पाहायच्या मनोऱ्याला कुलूप, माहिती केंद्राला कुलूप, दुर्बिणी आत कपाटात. साडेआठला दोन पांढऱ्या गाड्या आल्या, गेट उघडलं, गाड्या आत गेल्या, गेट लागलं. एका मुलानं विचारलं, "सर, त्यांना आदेश आहे का?" साहेब, तेवीस वर्षं शिकवतोय. इतकी मान खाली कधी गेली नव्हती. रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी दोन पालक पैसे परत मागायला आले, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

शेवटी त्या वनमजुरानं आम्हाला बाहेरच्या भरावावर नेलं. बेशरमाच्या झुडपांतून पाणी दिसत होतं, लांबवर काळे ठिपके. सातवीतल्या एका मुलीनं मुठीची नळी करून डोळ्याला लावली आणि ओरडली, "सर, वारकरी!" वारकरी म्हणजे काळा पाणपक्षी; एवढ्या अंतरावरून त्याच्या कपाळावरचा पांढरा टिळा दिसणं शक्यच नाही. तिचा बाप जाळं टाकतो. उडण्याआधी पाण्यावरून धावत सुटण्याच्या पद्धतीवरून तिनं ओळखलं. हिच्या हातात दुर्बीण द्यायची नाही, तर मग कोणाच्या?

पूर्वी मी नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात मुलं नेली आहेत. चापडगावच्या बाजूला गावातल्याच एका तरुणानं टेलिस्कोप लावून एकेकाला जांभळी पाणकोंबडी दाखवली, थापट्या बदकाची फावड्यासारखी चोच दाखवली. चाळीस पोरं दीड तास कुजबुजत बोलत होती. मुलांच्या गोंगाटानं पक्षी उडतात, असं मला कोणी सांगू नये. दाखवणारा माणूस असला की मुलं आपोआप गप्प होतात.

पक्षी सप्ताह आपल्याच सरकारनं २०२० मध्ये ठरवला : ५ नोव्हेंबर वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर पक्षितज्ज्ञ सलीम अलींचा. चितमपल्लींनी आयुष्य जंगलात काढलं, आणि त्यांच्या नावानं आम्हाला काय मिळालं, तर बंद गेटावर लावलेला फ्लेक्स. पर्यावरण हा विषय शाळेत सक्तीचा करा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये सांगितलं. तेव्हापासून मुलं पाणथळाची व्याख्या पाठ करतात, पाच गुण मिळवतात, आणि गावाशेजारचं पाणथळ त्यांना बंद. पाणथळं जपण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर करार १९७१ चा, भारत त्यात १९८२ ला आला, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ जाहीर व्हायला २०२० उजाडलं. आज आपल्याकडे नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी अशी तीन, तमिळनाडूत वीस. आपल्याकडे पाणी जलसंपदाचं, पक्षी वनखात्याचे, मुलं शिक्षण खात्याची. तिघांची मिळून एक सही होत नाही, आणि त्या पाण्यात जलपर्णी मात्र कोणाला न विचारता पसरते.

मागणं दोनच. लेखी दिलेली परवानगी गेटवर आयत्या वेळी रद्द करता येणार नाही, असा आदेश काढा. आणि पाणथळाभोवतीच्या गावांतली पोरं, ज्यांना पक्षी अंगणातल्या कोंबडीसारखे माहीत आहेत, त्यांना गाइड म्हणून पगारावर घ्या. त्या वनमजुरापासून सुरुवात करा.

२ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन आहे. त्या दिवशी सकाळी साडेसातला हीच एकेचाळीस मुलं पुन्हा त्याच गेटवर असतील. या वेळी पालकांकडून एक रुपयाही घेणार नाही, बसचे पैसे माझे. आपण यावं असं म्हणत नाही. गेट उघडं असू द्या.

आपला,
एक जिल्हा परिषद शिक्षक