आंब्याच्या रीलमध्ये आंबा कुठे आहे?

मा. संपादक,
स. न.

हापूसचा हंगाम तोंडावर आला की रत्नागिरी-देवगड पट्ट्यात ‘समाजमाध्यमांवर गोष्ट सांगून माल विका’ छापाच्या कार्यशाळांना ऊत येतो. बहुतेक ठिकाणी एकच साचा शिकवला जातो: मुंबईची नोकरी सोडली, आजोबांची बाग हाती घेतली, आता बागेतून थेट तुमच्या घरी. वर ड्रोनमधून दिसणारी बाग, मागे बासरी. अशा दहा रील ओळीने पाहा आणि नावं झाकून कोणती कोणाची ते सांगून दाखवा. गिऱ्हाइकाच्या डोक्यात मात्र चारच प्रश्न असतात. फळ खरंच कोकणातलं आहे का? कार्बाइड मारलेलं तर नाही ना? पेटीत किती वजनाचं फळ येणार? खराब निघालं तर पैशाचं काय? या चारांपैकी एकाचंही उत्तर त्या रीलमध्ये नसतं. मालकाची गोष्ट सांगताना मालाची गोष्ट राहूनच जाते, आणि गिऱ्हाईक पैसे मोजतं ते मालाचे.

खरं तर हापूसइतकी आयती गोष्ट फार थोड्या मालाला लाभते. पालवी जून झाली, थंडी पडली की मोहोर फुटतो. मग तुडतुडे, भुरी, फुलकिडे अशी कीड-रोगांची रांग. त्यातून वाचलेली कणी वाटाण्याएवढी होते, मग गोटीएवढी, मग अंड्याएवढी. प्रत्येक टप्प्यावर गळ असतेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये उन्हाचा चटका वाढला की गोटीएवढ्या फळांचा खच झाडाखाली पडतो. फळ धरल्यापासून काढणीपर्यंत साडेतीन-चार महिने जातात आणि त्यातला कोणताही आठवडा बिनघोर नसतो. पुढे काय होणार ही धाकधूक आपसूक तयार असताना तिच्यावर बासरी कशाला?

म्हणून पहिली सूचना: चित्रीकरण एप्रिलमध्ये नव्हे, मोहोर आल्यावर सुरू करा. एकच झाड ठरवा, त्याच्या एकाच फांदीला रिबीन बांधा आणि दर आठ-दहा दिवसांनी त्याच जागेवरून, त्याच वेळी, पंधरा सेकंदांचा तुकडा घ्या. जागा बदलली की फरक डोळ्यात भरत नाही. वेळ बदलली की उजेड बदलतो आणि तोच मोहोर वेगळा भासतो. त्या फांदीवरची निम्मी फळं गळाली तर तेही दाखवा. मार्चमधली पहिली पेटी महाग का, हे गिऱ्हाइकाला सांगून पटत नाही. गळालेल्या फळांचा खच पाहिला की ते भावावर हुज्जत घालत नाही.

आता एक चाळीस सेकंदांची फीत कशी बांधावी ते पाहू. ‘नमस्कार मित्रांनो, आज आपण आलो आहोत...’ इथून सुरुवात केली की पाहणारा तिथेच अंगठा सरकवतो. पहिल्या तीन सेकंदांत काहीतरी घडायला हवं. देठ मोडलेल्या फळावरून चीक ओघळतोय, एवढंच जवळून दाखवा आणि म्हणा, ‘हा चीक सालीवर असाच राहिला तर फळ पिकेपर्यंत इथे काळा डाग पडतो.’ पुढची दहा-बारा सेकंदं ‘झेला’ दाखवा, म्हणजे फळ उतरवायची जाळी लावलेली काठी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला असेल तर त्याचं पातं देठ कसं कापतं आणि फळ जाळीत कसं उतरतं, हे दोन कोनांतून घ्या. मग दोन फळं शेजारी-शेजारी, एक देठासह काढलेलं, एक देठ मोडलेलं, दोन्ही भाताच्या पेंढ्यातल्या अढीतून पिकून बाहेर आलेली. शेवटच्या पाच-सात सेकंदांत वजन, भाव, काढणीची तारीख आणि मागणी कशी नोंदवायची ते.

यात घोळ होतो तो जोडणीत. पहिला तुकडा आणि पिकलेल्या फळांचा तुकडा यांच्यात आठ ते बारा दिवसांचं अंतर असतं. मधल्या काळात ती दोन फळं अढीत शंभर फळांत मिसळून जातात आणि मग कुठलंही डागी फळ उचलून दाखवलं जातं. देठाशी चिठ्ठी बांधा, ती चिठ्ठी दोन्ही तुकड्यांत दिसू द्या. पाहणाऱ्याला तेवढा पुरावा पुरतो.

तांत्रिक बाबतीत फार खोलात शिरायचं कारण नाही, पण काही चुका सार्वत्रिक आहेत. फीत उभी घ्या, १०८० बाय १९२० या मापाची. खालचा जवळजवळ पाव भाग आणि उजवी कड मोकळी सोडा, कारण तिथे ॲपची बटणं आणि मजकूर येतो. भाव नेमका तिथे लिहिला तर झाकला जातो. अनेक जण आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून बोललेलं मराठीत लिहूनही दाखवा, पण ते हाताने टंकलेलं असू द्या. आपोआप उमटणाऱ्या मराठी ओळींत ‘अढी’चं ‘आधी’ झालं तर नवल नको. काही ॲपमध्ये देवनागरी जोडाक्षरं फुटतात, तेव्हा टाकण्याआधी दुसऱ्या फोनवर एकदा पाहा. दुपारनंतर समुद्रावरचा वारा सुटतो आणि फोनच्या माइकमध्ये नुसती घरघर ऐकू येते. सकाळी साडेनऊच्या आत उरका किंवा स्पंजाची टोपी असलेला कॉलर माइक वापरा. गाजलेलं सिनेमागीत मागे लावू नका. धंद्याच्या खात्याला ती गाणी वापरायचा परवाना सहसा नसतो आणि ऐन हंगामात फीत मुकी होते किंवा काढून टाकली जाते. झेल्याची खसखस, पेटीवर खिळा ठोकल्याचा आवाज पुरेसा आहे.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते मोघम शब्दांनी. ‘नैसर्गिक’, ‘केमिकल-फ्री’, ‘सेंद्रिय’ हे शब्द एकाच अर्थाने फेकले जातात. पिकवणं वेगळं आणि फवारणी वेगळी. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला देशात बंदी आहे. इथिलीन वायूने, १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग), पिकवायला परवानगी आहे. पेंढ्यातल्या अढीत पिकवणं ही तिसरी गोष्ट. इथिलीन की अढी, यांपैकी तुम्ही काय करता ते सरळ सांगा. पण पेंढ्यात पिकवलं म्हणून बागेत फवारणी झाली नाही असं होत नाही, आणि बहुतेक बागांत फवारणी होतेच. तुडतुड्यांवर कोणतं औषध कधी मारलं आणि काढणीच्या किती दिवस आधी थांबवलं, हे सांगणारी फीत ‘केमिकल-फ्री’च्या पाटीपेक्षा कितीतरी जास्त विश्वास कमावते. सेंद्रिय म्हणायचं तर एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सरकारी सेंद्रिय योजनांपैकी एकीचं प्रमाणपत्र दाखवावं. थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला प्रमाणपत्रात सूट आहे; फवारून सेंद्रिय म्हणायची सूट कोणालाच नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तसं केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. रील हीसुद्धा जाहिरातच असते, हे कार्यशाळेत कोणी सांगत नाही. फुकट पेटी पाठवून एखाद्या खाद्यभ्रमंतीवाल्याकडून कौतुक करून घेतलं, तर त्यानेही ‘जाहिरात’ असं ठळक लिहायला हवं. पैसे दिले नाहीत, फक्त आंबे दिले, ही पळवाट चालत नाही.

कोकणातलं फळ असल्याचा दावाही तसाच. हापूसला २०१८ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरतं आहे. त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून बागायतदाराला स्वतःची नोंदणी करता येते. ती असेल तर नोंदणी क्रमांक खात्याच्या माहितीत लिहा. नसेल तर मानांकनाचं बोधचिन्ह रीलवर चिकटवू नका.

भावही नुसता ‘पेटी’ म्हणून लिहू नये. फळ लहान असेल तर त्याच पेटीत जास्त डझन बसतात, मोठं असेल तर कमी; शहरातल्या माणसाला हे ठाऊक नसतं आणि तो दोन भाव शेजारी ठेवून तुम्हालाच लुटारू ठरवतो. मजकूर असा हवा: ‘काढणी १२ एप्रिल. फळ २३० ते २६० ग्रॅम. दोन डझनांचा खोका. अढीत घातलाय, साधारण २२ तारखेला खाण्याजोगा. हिरवं फळ फ्रीजमध्ये ठेवू नका, नीट पिकणार नाही.’ एवढ्या पाच ओळींत गोष्टही आहे आणि पावतीही.

इन्स्टाग्रामवर खात्याच्या माथ्यावर तीन पोस्ट टाचून ठेवता येतात. बहुतेक जण तिथे सत्कार आणि बातमीचं कात्रण लावतात. त्याऐवजी एकीत काढणी आणि अढी, दुसरीत वजन-भाव आणि कोणत्या शहरांत पोच आहे ते, तिसरीत खराब फळाची भरपाई. यूट्यूबवरची फीत मात्र प्रश्नाच्या शब्दांत नाव देऊन टाका, ‘हापूस आंबा पिकला हे कसं ओळखायचं’ असं, कारण तिथे लोक शोधत येतात आणि ती फीत पुढच्या वर्षीही कामाला येते.

विक्री मात्र शेवटी व्हॉट्सॲपवरच ठरते. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात आणि ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच निरोप पोचतो. त्यामुळे प्रत्येक खोक्यात ‘हा नंबर जतन करा’ अशी चिठ्ठी टाकणं हे हजार लाइकपेक्षा मोलाचं. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये मागणीला लेबलं लावा: विचारणा, पैसे आले, पाठवलं, पोचलं. मागणी घेताना ‘आमच्याबद्दल कुठे पाहिलंत?’ एवढं विचारून वहीत नोंदवा. कोणत्या गोष्टीने माल विकला ते त्या वहीत कळतं. किती जणांनी पाहिलं या आकड्यात नाही. ‘बूस्ट’चं बटण दाबून राज्यभर पैसे उधळण्यात अर्थ नाही. जिथे खोका दोन दिवसांत पोचतो तेवढ्याच शहरांपुरती जाहिरात करा, आणि ती पाहणारा थेट व्हॉट्सॲपवर बोलायला येईल अशी.

चांगली गोष्ट चोरीलाही जाते. हंगामात तुमचीच फीत उचलून बनावट पान उभं राहतं, क्यूआर कोडवर आगाऊ पैसे घेतं आणि गायब होतं, शिव्या तुम्हाला. फितीच्या मधोमध, फळाला न झाकता, बागेचं नाव राहू द्या. पैसे पाठवताना यूपीआयवर कोणतं नाव दिसेल ते टाचलेल्या पोस्टमध्ये लिहा. फसवणूक झालीच तर ग्राहकाने १९३० या क्रमांकावर तातडीने कळवावं, हेही तिथेच. मोहोरावर पूर्ण रक्कम आगाऊ घेणं मात्र बागायतदारांनीच बंद करावं. पीक हातात नसताना पेट्या विकल्या आणि मार्चमध्ये गळ झाली, तर गोष्ट सांगायला तोंड राहत नाही.

आणखी एक खटकतं. झाडावर चढून झेला चालवणारा माणूस, रात्रभर बागेत राखण करणारा नेपाळी गडी, पेटी भरणाऱ्या बायका या रीलमध्ये दिसतात त्या शोभेपुरत्या, आणि बोलतो मालक. त्यांची परवानगी विचारा, ‘हो’ म्हणाले तर त्यांनाच बोलू द्या. चौदा आणे तयार, म्हणजे काढणीजोगं झालेलं फळ झाडावर कसं ओळखायचं, हे झेला धरणारा जितकं नेमकं सांगेल तितकं मालकाला बहुधा सांगता येणार नाही.

राहता राहिला साका. फळ बाहेरून निखळ दिसतं, कापलं की आत गर पांढुरका, स्पंजासारखा आणि आंबूस. बाहेरून तो ओळखता येत नाही, त्यामुळे कितीही निवड केली तरी एखादं फळ जाणारच. यावर फीत करायला कोणी धजत नाही, आणि मला विचाराल तर हंगामातली सगळ्यात कामाची फीत हीच. साका असलेलं फळ कॅमेऱ्यासमोर कापा. हा रोग नाही, कार्बाइडचा परिणामही नाही, हे सांगा. मग भरपाईचा नियम: कापल्यावर त्याच दिवशी फोटो पाठवा, तेवढ्या फळाचे पैसे परत किंवा पुढच्या खोक्यात बदली. हे पहिली पेटी निघण्याआधी सांगितलेलं असलं की मे महिन्यात व्हॉट्सॲपवर येणाऱ्या तक्रारी भांडणाच्या सुरात येत नाहीत.

कार्यशाळा भरवणाऱ्या संस्थांना आणि कृषी खात्याला आपल्या वृत्तपत्रातून एवढीच विनंती, की प्रशिक्षणाचा अर्धा दिवस सभागृहातून बागेत न्यावा, आणि मार्गदर्शकांमध्ये एक जण अन्नसुरक्षा किंवा ग्राहक कायदा जाणणारा असावा. तारखा ठरवायच्या तर त्या मोहोराच्या आधीच्या असाव्यात. मार्चमध्ये घेतलेली कार्यशाळा त्या हंगामाच्या उपयोगाची नसते.

आपला,
आंबा विक्री क्षेत्रातील एक वाचक, रत्नागिरी