बाजू संपण्याआधीच परत फिरणारा टोनआर्म : दुरुस्ती किंवा यंत्र बदलून मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

गेल्या दिवाळीत मी आपल्या कंपनीचे पूर्ण स्वयंचलित टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचे यंत्र) घेतले. वॉरंटी चालू आहे. आवाजाबद्दल तक्रार नाही. आवाज सुरेख आहे. पण रेकॉर्डची बाजू संपण्याआधीच टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, उचलला जाऊन परत फिरतो, आणि आपल्या पुण्याच्या सेवा केंद्राने त्याचे खापर माझ्या रेकॉर्डवर फोडले.

माझ्याकडे बहुतेक शास्त्रीय संगीताच्या एलपी आहेत. ख्यालाची बाजू वीस-बावीस मिनिटांची, त्यामुळे खाचा पार लेबलाजवळ जातात. विलंबित संपून द्रुत रंगात येते आणि नेमका तिथे आर्म वर जातो. भीमसेन जोशींची तान समेवर येण्याआधी तुटते, तेव्हा फार वाईट वाटते.

मी पट्टी लावून पाहिले. रेकॉर्ड कोणतीही असो, आर्म केंद्रापासून साधारण ६८ मिलिमीटरवर उचलला जातो. १२ इंची एलपीवरचे ध्वनिमुद्रण सुमारे ६० मिलिमीटरपर्यंत आत येऊ शकते. म्हणजे शेवटची सुमारे दोन मिनिटे जातात. दोष रेकॉर्डचा असता तर जागा दरवेळी बदलली असती. ह्याच रेकॉर्ड मित्राच्या, आर्म हाताने उचलायच्या टर्नटेबलवर शेवटपर्यंत वाजतात.

दुसरा दोष त्याच यंत्रणेचा आहे. परत येताना आर्म कधीकधी अर्ध्या वाटेत अडकतो आणि प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी) फिरतच राहतो. वीज बंद करून प्लॅटर हाताने हळू फिरवला, तर ठरावीक जागी जड लागतो. प्लॅटरखालच्या गिअरचे वंगण सुकले असावे किंवा लिव्हर घासत असावा, असा माझा अंदाज आहे. सुईचा भार काट्यावर मोजून पुस्तिकेप्रमाणे २ ग्रॅम ठेवला आहे, अँटीस्केटिंग (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून असलेली जुळणी) तेवढ्यावरच आहे, यंत्र लेव्हलमध्ये आहे आणि वाहतुकीचे स्क्रू पहिल्याच दिवशी काढले आहेत.

हे सगळे मी सेवा केंद्रात सांगितले. तिथे त्यांच्याकडच्या रेकॉर्डचे पहिले गाणे वाजवून जॉबशीटवर ‘ओके’ लिहिले. वर सुई झिजली म्हणून नवी बसवली आणि तिचे पैसे घेतले. सुईचा आणि आर्म लवकर परतण्याचा संबंध काय, हे मला कोणीच सांगितले नाही. मिरजेहून एवढे नाजूक यंत्र पुण्याला नेणे-आणणे सोपे नसते, हेही लक्षात घ्यावे.

माझी मागणी अशी : जाणकार तंत्रज्ञाने यंत्र खालून उघडून परतीची जागा नीट बसवावी, गिअर साफ करून योग्य वंगण द्यावे आणि माझी एक पूर्ण बाजू शेवटच्या स्वरापर्यंत माझ्यासमोर वाजवून दाखवावी. ते जमत नसेल तर यंत्र बदलून द्यावे. सुईचे पैसे कोणत्याही परिस्थितीत परत मिळावेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार माझ्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपला,
एक ग्राहक, मिरज

सोबत : खरेदीचे बिल, वॉरंटी कार्ड, जॉबशीट व सुईची पावती यांच्या प्रती, आर्म उचलला जातानाचे व्हिडिओ.