सूचना : रविवारी सामने बघायला जमायचंय

मैत्रिणींनो, रविवारी संध्याकाळी ५ वाजता नेहमीच्या हॉलमध्ये पॅरिस ऑलिंपिक २०२४ मधले महिला रग्बी सेव्हन्सचे (एका संघात सात जणींच्या रग्बीचे) सामने पडद्यावर बघायचे आहेत. ७-७ मिनिटांचे दोन हाफ; चहाला उठलात की सामना संपला! कांस्यपदकाचा तर चुकवूच नका. अमेरिका ७-१२ नं मागे, वेळ जवळजवळ संपलेली, आणि अ‍ॅलेक्स सेड्रिक स्वतःच्या गोलरेषेजवळून चेंडू घेऊन सुटली ती थेट ट्राय करूनच (म्हणजे समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवूनच) थांबली. ट्रायचे ५, त्यानंतर मिळणाऱ्या किकचे २, ऑस्ट्रेलिया १४-१२ नं हरली. तिनं टॅकल (पकडून पाडायला आलेल्या खेळाडू) कसे झटकले तेवढं नीट बघा, आपण नेमक्या तिथंच कमी पडतो.

सकाळचा पार्क मैदानावरचा सराव ६ वाजता आहेच, रद्द नाही. मागच्या वेळी शेंगा चटणी पुरली नव्हती. दोघींनी तरी आणा.