त्या दिवशी रॅम्पवर (बोट पाण्यात सोडायच्या उतारावर) भेटलेल्या काकांचे आणि त्या दोन पोरांचे आभार

दोन वर्षं खपून जुनी स्पीडबोट उभी केली, कुजलेला ट्रान्सम (इंजिन टांगतात ती मागची भिंत) कापून नवीन बसवला, इंजिन स्वतःच चढवलं, आणि पहिल्याच फेरीत नाक वरखाली आपटायला लागलं, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं प्रेशर शून्याकडे, ओव्हरहीटचा अलार्म. इंजिन बंद केलं आणि गप्प बसलो. दोन अनोळखी पोरांनी दोर टाकून काठावर ओढून आणलं, नावही न सांगता निघून गेली.

रॅम्पवर एक काका आले. काही न विचारता ओल्या जमिनीवर आडवे झाले, तळाला सरळ पट्टी लावली आणि म्हणाले, 'प्रॉपशाफ्ट (पंख्याचा दांडा) तळाच्या दोन इंच वर आहे रे, तुझ्या गिअरकेसची (इंजिनच्या पाण्यातल्या खालच्या भागाची) पाणी ओढायची भोकं बाजूला आहेत, हवाच ओढणार ना!' (मी इंजिन हौसेने उंच बसवलं होतं, वेग मिळेल म्हणून.) जॅक प्लेट (इंजिन वर-खाली करायची पट्टी) चांगली खाली घेतली, नाकावर वजन यावं म्हणून बॅटरी पुढे सरकवायला लावली, ट्रिम (इंजिनचा कल) आत ठेवून निघायला सांगितलं. प्रेशर आलं, उड्या थांबल्या.

वर स्वतःचा जास्त पिचचा (एका फेऱ्यात जास्त पुढे ढकलणारा) प्रॉप, म्हणजे पंखाही दिला, कारण माझा आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) लिमिटच्या वर जात होता. 'पिच एक इंच वाढला की साधारण दीडशे-दोनशे आरपीएम उतरतो, चालवून बघ, मग परत दे.' काका, प्रॉप पुसून गाडीतच ठेवलाय, दर रविवारी रॅम्पवर तुम्हाला शोधतोय.