डिसोझा म्हणजे पोर्तुगीज रक्त नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला आडनावांवरचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, घाईत आपलंच काहीतरी चुकलं असेल. पण नाही. डिसोझा हे पोर्तुगीजांचे वंशज, असं त्यात सरळ ठोकून दिलंय.

मी वसईजवळच्या निर्मळची. आमची केळीची वाडी, त्यात पूर्वी पानवेलीही होत्या. आजी शेवटपर्यंत लाल लुगडं नेसली आणि घरात सामवेदीशिवाय दुसरी भाषा बोलली नाही. मी कॉलेजात असताना आम्ही पुण्याला एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत शेजारच्या बाईंनी आडनाव विचारलं, मी सांगितलं. तर त्या म्हणाल्या, "अगंबाई, मराठी किती छान बोलता हो! तुमची माणसं पोर्तुगालहून कधी आली?" बाबांनी हातातला घास पानात ठेवला. म्हणाले, "आम्ही कुठून आलो नाही, बाई. आम्ही इथलेच." पुढे ते त्या पानावर नुसते बसून राहिले. त्यांचा तो चेहरा मी विसरलेले नाही, आणि परवाचा लेख वाचताना तोच डोळ्यांसमोर आला.

सोझा हे मुळात एका नदीचं नाव आहे. उत्तर पोर्तुगालात फेल्गेराशजवळ ती उगम पावते आणि पोर्तूच्या अलीकडे दोरू नदीला मिळते. अकराव्या शतकात त्या खोऱ्यातल्या एका सरदार घराण्याने मुलखाचं नाव लावलं. आपल्याकडे गावावरून आडनाव पडतं तसंच. 'द सोझा' म्हणजे सोझाचा, इतकाच त्याचा अर्थ. आणि लेखकाला वंशाचीच हौस असेल तर हेही त्यांनी ऐकावं: खुद्द पोर्तुगालात हे आडनाव बापाकडून मुलाकडे असं अखंड चाललेलं नाही. तेराव्या शतकात त्या घराण्याचा पुरुषवंश खुंटला. राजा तिसरा अफोन्सू याच्या दोन अनौरस मुलांनी सोझांच्या लेकी-नातींशी लग्नं केली, आणि पुढच्या पिढ्यांनी आईकडचं सोझा लावलं. 1542 ते 1545 या काळात गोव्यात गव्हर्नर असलेला मार्तिम अफोन्सू द सोझा त्यांतल्याच एका शाखेतला. फ्रान्सिस झेवियर गोव्याला आले ते त्याच्याच जहाजातून.

मग आमच्याकडे हे आडनाव कसं आलं? बाप्तिस्म्याच्या वेळी. वसई 1534 साली पोर्तुगीजांकडे गेली. त्या राजवटीत जे ख्रिस्ती झाले त्यांना धर्मबापाचं, म्हणजे बाप्तिस्म्याला पालक म्हणून उभ्या राहणाऱ्याचं, नाहीतर बाप्तिस्मा देणाऱ्या फादरचं आडनाव मिळे. गोव्यातही हेच झालं. धर्मबाप सोझा तर अख्खं घर सोझा. म्हणून तर शेजारशेजारच्या दोन डिसोझांचं एकमेकांशी काडीचंही नातं नसतं. एवढी साधी गोष्ट वसईतल्या कुठल्याही शाळकरी पोराने सांगितली असती. लेखकाने विचारायचे तरी कष्ट घ्यायचे होते.

त्याच लेखात अमेरिकेच्या बँडवाल्या जॉन फिलिप सूसाची ती ट्रंकेची गोष्टही आहे, ट्रंकेवरच्या 'एस. ओ., यू. एस. ए.' ही अक्षरं सलग वाचून म्हणे त्याचं आडनाव पडलं. ती कधीच खोटी ठरलेली भाकडकथा आहे. त्याचे वडील पोर्तुगीज होते आणि त्यांचं नावच जुआंव अंतोनियू द सोझा होतं.

आता स्पेलिंगचं. लेखात एका ठिकाणी 'डिसुझा', दुसरीकडे 'डिसूजा', फोटोखाली 'डी'सोझा'. आपल्याला ही मुद्रणातली बारीकशी चूक वाटेल. आमच्या सातबाऱ्यावर बाबांचं आडनाव एक होतं आणि बँकेच्या पासबुकावर दुसरं. ते गेल्यावर वारसनोंदीसाठी मी आणि आई एका सरकारी कचेरीत अकरा महिने फेऱ्या मारत होतो. ही दोन्ही नावं एकाच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र आईला करून द्यावं लागलं. चव्वेचाळीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्याच्याबद्दल! खरं तर मराठीतलं 'डिसोझा' हेच मूळ उच्चाराला जवळचं आहे, पोर्तुगीज माणूस 'सोझा'च म्हणतो. 'सूझा' आलं ते इंग्रजी वाचण्यातून. पोर्तुगालात 1911 साली शुद्धलेखन सुधारलं तेव्हा 'झेड' जाऊन 'एस' आला, आमच्याकडे जुना 'झेड'च राहिला. त्याबद्दल तक्रार नाही. पण मराठी वर्तमानपत्राला मराठीतलं रुळलेलं नाव नीट लिहिता येऊ नये?

लिहायला बसलेच आहे तर आणखी एक. दर नाताळला आपण वसईचं म्हणून जे पान काढता त्यात केक, गिटार आणि टोप्या घातलेली पोरं असतात. लुगडं नेसलेली एक तरी म्हातारी छापा. अजून आहेत आमच्या गावात, मी पत्ते देते.

लेखातलं ते वंशजांचं वाक्य चुकीचं होतं, असा खुलासा येत्या रविवारी त्याच पानावर छापावा ही विनंती. कोपऱ्यात नको, लेख जिथे होता तिथे. आणि त्यात आडनाव 'डिसोझा' असं लिहावं.

आपली,
एक डिसोझा
निर्मळ, वसई