टिपरात दोन ब्रास नव्हते

सोलापूर

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा चिडले, मग मीही चिडले आणि आईनं फोन काढून घेतला. म्हणून सगळं लिहूनच पाठवते. दादाला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. बाबा, डोळ्याचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवसही झालेले नाहीत, चष्मा शोधत बसू नका.

तुमचं म्हणणं, मिस्त्रींचा जन्म गेला स्लॅब टाकण्यात, ते दोन टिपर खडी म्हणाले तर दोन टिपर. पोरीनं टेप घेऊन टिपरवर चढायचं काय कारण? कारण आपल्या माजघरातच आहे. छताला देवळीपासून खिडकीपर्यंत रेघ गेलीय ना, जिथं दर पावसाळ्यात ओल येते आणि आई खाली पातेलं ठेवते? तुम्हीच सांगितलंय मला, खालचा स्लॅब टाकताना दुपारी चारला खडी संपली, दुसरी गाडी दुसऱ्या दिवशी आली आणि आदल्या दिवशीच्या कडक झालेल्या काँक्रीटला ओलं लावलं गेलं. तो सांधा पुन्हा एकजीव झाला नाही. वरच्या खोल्यांना तसली रेघ मला नको होती.

आता हिशेब. गच्चीवरचा स्लॅब २४ बाय ३०, म्हणजे ७२० चौरस फूट, जाडी ५ इंच. झाले ३०० घनफूट. बीम सगळे मिळून १३० फूट, रुंदी ९ इंच, स्लॅबखाली १३ इंच उतरतात. त्यांचे साधारण १०५. एकूण ४०५ घनफूट काँक्रीट. १०० घनफुटांचा ब्रास, म्हणजे चार ब्रास आणि वर थोडं. मिस्त्रींचा हिशेब इथंच संपतो. जेवढे ब्रास काँक्रीट, तेवढे ब्रास खडी. एक टिपर दोन ब्रासचा, म्हणून दोन टिपर.

मी मात्र शहाणपणा करायला गेले. आपलं काँक्रीट एम-२० ताकदीचं, सिमेंट, वाळू, खडीचं प्रमाण एकास दीडास तीन. सगळे मिळून साडेपाच भाग, त्यातले तीन खडीचे. ४०५ चे साडेपाच भाग पाडले, तिनानं गुणलं, उत्तर आलं २२१. म्हटलं, सव्वादोन ब्रासात भागतंय की! मिस्त्री जवळजवळ दुप्पट मागवायला लावतायत. तसं तोंडावर बोललेही.

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. दहा लिटरची बादली खडीनं काठोकाठ भरली आणि म्हणाले, "ताई, आता यात पाणी ओता." मी तांब्यानं ओतत गेले. भरलेली बादली ती, पण चार लिटरहून जास्त पाणी आत गेलं तेव्हा कुठं काठाला लागलं. (आई, पाणी वाया घालवलं नाही, पारिजातकाला घातलं. नळाला रोज पाणी येत नाही हे मलाही माहीत आहे.) खडी दिसते भरीव, पण जवळजवळ निम्मी पोकळी असते. तिच्यात वाळू बसते, वाळूच्या फटींत सिमेंट. तिन्ही एकत्र कालवले की माल आक्रसतो. म्हणून सुटा माल तयार काँक्रीटच्या दीडपटीहून जरा जास्त, १.५४ पट धरतात. ४०५ चे झाले ६२४. त्यातले साडेपाचात तीन म्हणजे ३४० घनफूट खडी, १७० वाळू आणि ११३ सिमेंट.

पडताळा वेगळ्या वाटेनं घेतला. सिमेंटचं पोतं सव्वा घनफुटाचं धरलं तर ११३ घनफुटांना ९१ पोती. मिक्सरच्या एका घाण्याला एक पोतं आणि खडीचे तीन फरमे. फरमा म्हणजे मापाची पेटी, फूटभर लांब, फूटभर रुंद, सव्वा फूट उंच. सुताराकडून नवा करून घेतलाय, कारण घमेली कुठलं कसं भरेल त्याचा नेम नाही. ९१ घाण्यांचे २७३ फरमे, म्हणजे ३४१ घनफूट. जुळलं! त्यावर पाच टक्के सांडलवंड धरली, ढिगाच्या तळची खडी मातीत जातेच. ३५७ झाले. म्हणजे चार ब्रास म्हणणारे मिस्त्री बरोबरच होते, आणि मी त्यांची माफीही मागितली.

फक्त ते चार ब्रास खरे चार असायला हवेत.

पहिला टिपर ओतून गेला तेव्हा मी ऑफिसात होते. दुसऱ्याला, तीच गाडी होती, ओतायच्या आधी मी वर चढले. आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद. खडी फळीच्या तीन इंच खाली होती आणि कोपऱ्यांत आणखी खाली. फळीची उंची गाडी रिकामी झाल्यावर मोजली, तीही कशानं? बाबा, माळ्यावर तुमचा गिरणीच्या फोल्डिंग खात्यातला, कापड मोजायचा लोखंडी गज सापडला. कोपऱ्यात उभा केला तर बरोबर काठाला टेकला. तीन फूट. काठोकाठ भरली तरी त्या गाडीत १८० घनफूटच मावतात आणि आली होती १६५. दोन खेपांचे ३३०. पैसे ४०० चे. सांडलवंड सोडाच, हिशेबाच्या ३४० लाही दहा कमी. पुन्हा दुपारी चारला खडी संपली असती.

खडीवाला म्हणाला, "गाडी दोन ब्रासचीच आहे, सगळे हेच माप घेतात." अर्धा तास वाद झाला, गल्ली जमली. मी म्हटलं, ३३० चेच पैसे देईन. शेवटी ट्रॅक्टरनं एक ट्रॉली जास्तीची टाकून गेला. ६६ भरली, तीही मी मोजली. यापुढं काही आणायचं तर वजनकाट्यावरून आणायचं, आपल्या काळ्या दगडाची खडी ब्रासला सव्वाचार-साडेचार टन तरी भरते.

खडी चांगली आहे. वीस आणि दहा एमएम मिसळून आणलीय, चपट्या कपच्या फारशा नाहीत. धूळ होती, ती धुऊन घेतोय.

स्लॅब येत्या रविवारी. पाणी मारायला टँकर सांगितलाय, वर आळी करून पाणी साठवणार. बीमखालचे टेकू चौदा दिवस काढायचे नाहीत, म्हणजे सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आधी निघतील. तेव्हाच या, नंदीध्वजांच्या मिरवणुकीला. त्याआधी बस धरून धावत येऊ नका, बाबा. डोळ्यात धूळ जाईल.

आई, रविवारी माणसं पंचवीस. पोरं मटण मागतायत, तू म्हणशील देवघरावरचा स्लॅब आहे, म्हणून आमटी, भात, बुंदी ठरवलंय. पंचवीस जणांना तांदूळ किती किलो भिजवू ते उद्या फोनवर सांग. आणि मूठभर-चिमूटभर असं नको, आकडा सांग.

तुमची,
नंदा