स्वमग्न मुलांची आवड प्रत्यक्ष तपासून नोंदवावी

महोदय,

शाळा सुरू झाल्या की ठाणे आणि नवी मुंबईतील स्वमग्न मुलांचे वैयक्तिक शैक्षणिक आराखडे तयार होऊ लागतात. त्यातील ‘आवडीच्या वस्तू’ या रकान्यात अनेक ठिकाणी पालकांनी सांगितलेली दोन-तीन नावे, बहुधा चॉकलेट, बिस्कीट आणि मोबाइल, लिहिली जातात आणि वर्षभर तशीच राहतात. विशेष शिक्षिका म्हणून मला हे फार खटकते. नवीन कौशल्य शिकताना मुलाचा उत्साह बऱ्याच अंशी लगेच मिळणाऱ्या आवडत्या वस्तूवर टिकतो. ती वस्तूच चुकली, तर ‘ऐकत नाही’ हा शेरा मात्र मुलाच्या माथी बसतो.

पालकांची माहिती आवश्यकच आहे. पथ्य, ॲलर्जी, गिळण्यातील अडचण त्यांनाच ठाऊक असते. परंतु मोठ्यांनी सांगितलेला आवडीचा क्रम आणि मुलाने प्रत्यक्ष निवडलेला क्रम जुळतोच असे नाही, हे अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. वर्तन-संशोधक वेन फिशर व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत दोन-दोन वस्तू मुलासमोर ठेवून ते कोणती घेते याची नोंद करतात. सहा वस्तूंच्या पंधरा जोड्या होतात. काही मुले नेहमी उजव्या हाताचीच वस्तू उचलतात, म्हणून बाजू बदलत राहावी लागते. हातातले खेळणे काढून घेतल्यावर जे मूल अस्वस्थ होते, त्याला पाच मिनिटे मोकळे खेळू द्यावे आणि ते कशाजवळ किती वेळ रमते एवढेच घड्याळ लावून टिपावे. तोंड फिरवणे किंवा वस्तू दूर सारणे हेही उत्तरच आहे आणि ते मानले पाहिजे.

सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते खाऊ आणि खेळणी एकत्र तपासण्याच्या धोक्याकडे. डीलिऑन, इवाता व रॉस्को यांच्या १९९७ च्या अभ्यासात दोन्ही एकाच मांडणीत ठेवल्यावर बहुतेकांच्या बाबतीत खाऊ वर गेला आणि खेळणी तळाला ढकलली गेली. तरीही त्या मागे पडलेल्या खेळण्यांतही शिकण्याची गोडी लावण्याची ताकद होतीच. कुरमुरे आणि राजगिऱ्याच्या लाडवाशेजारी भिंगरी ठेवली आणि मुलाने ती उचलली नाही, म्हणून त्याला भिंगरी आवडत नाही असे ठरवणे त्याच्यावर अन्याय आहे. शिवाय खाऊचा प्रभाव भुकेनुसार बदलतो; डबा खाल्ल्यानंतर घेतलेली चाचणी वेगळेच चित्र दाखवते. आधीच मोजकेच पदार्थ खाणाऱ्या मुलाला दिवसभर गोड देत राहणे दातांना आणि जेवणालाही मारक ठरते.

म्हणून दोन्ही महापालिकांच्या शिक्षण विभागांना विनंती आहे की, आराखड्यात खाऊ व खेळण्यांसाठी स्वतंत्र रकाने असावेत, त्यांत पद्धत आणि तारीख लिहावी, आणि ही तपासणी वर्षातून एकदाच न होता मुलाचा रस ओसरताना दिसताच पुन्हा व्हावी. खारघरला एनआयईपीआयडी या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आणि वाशीला महापालिकेचे दिव्यांगांसाठीचे ईटीसी केंद्र असल्याने शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी दूर जाण्याची गरज नाही. खासगी थेरपी केंद्रांत जाणाऱ्या मुलांच्या पालकांनीही ही नोंद पाहायला मागावी. तो त्यांचा हक्क आहे.

— एक विशेष शिक्षिका, ऐरोली, नवी मुंबई